झोतभट्टी गार झाली की पुढे काय? टीज नदीकाठच्या मिडल्सब्रोची गोष्ट

१२ एप्रिल २०२५, शनिवार. ब्रिटनच्या संसदेला ईस्टरची सुट्टी लागली होती. तरी खासदारांना लंडनला परत बोलावलं गेलं आणि एकाच दिवसात, दोन्ही सभागृहांत, एक कायदा मंजूर झाला. कशासाठी? स्कंथॉर्प नावाच्या गावातल्या, लोखंड गाळणाऱ्या दोन झोतभट्ट्या विझू नयेत म्हणून. चिनी मालक तोट्याने जेरीस आले होते, कच्च्या मालाची आवक थांबायच्या बेतात होती, आणि भट्ट्या एकदा गार पडल्या तर पुन्हा चालू होतील याची हमी कुणी देत नव्हतं.

ही बातमी वाचून मला दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. धंदा तोट्यात असेल तर सहा महिने टाळं लावावं, भाव सुधारले की उघडावं, त्यासाठी संसद कशाला भरवायची? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तो आणखी एका कारणाने जवळचा आहे. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये टाटा स्टीलने बंद केली, तेव्हाही हेच कोडं पडलं होतं.

याचं सगळ्यात नीट उत्तर मिळतं ते उत्तर इंग्लंडमध्ये, टीज नदीच्या मुखापाशी. तिथे मिडल्सब्रो नावाचं शहर आहे. लोखंडाने एखादं गाव कसं उभं राहतं आणि लोखंड गेल्यावर त्याचं काय होतं, हे सगळं तिथे दोनशे वर्षांत घडून गेलंय.

आधी भट्टी समजून घेऊ

गुऱ्हाळ पाहिलं असेल तर निम्मं काम झालं. काहिलीत उसाचा रस उकळतो. त्यात चुना आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. रसातली घाण त्याला धरून वर येते, फेसासारखी तरंगते, आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. तिला मळी म्हणतात. खाली उरतो तो स्वच्छ पाक, ज्याचा गूळ होतो.

झोतभट्टीतही असंच चालतं, फक्त कित्येक मजली इमारतीएवढ्या थोराड धुराड्यात आणि दीड हजार अंशांच्या आसपास. वरून तीन गोष्टी टाकतात: लोहखनिज, कोक आणि चुनखडी. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची जोडी, गंजलेल्या खिळ्यावरच्या तांबूस थरासारखी. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. लाकडापासून लोणारी कोळसा करतात, तसाच हा प्रकार. खालून तापलेल्या हवेचा झोत मारतात, म्हणून नाव झोतभट्टी. कोक पेटतो, त्याच्यातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि सुटं झालेलं लोखंड वितळून तळाशी जमतं. चुनखडी गुऱ्हाळातल्या चुन्याचं काम करते. दगडमातीला धरते आणि वितळलेल्या मळीच्या रूपात लोखंडावर तरंगते. खालच्या तोंडातून लोखंड सोडतात, वरच्यातून मळी.

आता मूळ प्रश्न. काहिलीखालचा जाळ मध्येच विझला आणि पाक तसाच राहू दिला तर काय होईल? काहिलीतच गूळ धरेल. मग तो खणून काढताना काहीलही शाबूत राहणार नाही. झोतभट्टीचं तेच आहे, फक्त तिथे गुळाच्या जागी शेकडो टन लोखंड असतं आणि काहिलीच्या जागी आतून विटांचं अस्तर लावलेली भट्टी. म्हणून झोतभट्टी एकदा पेटवली की रात्रंदिवस, दिवाळी-नाताळ न पाहता, वर्षानुवर्षं चालू ठेवतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल. भट्टीला खनिज, कोळसा, चुनखडी आणि माल बाहेर न्यायची वाट या चार गोष्टी लागतात. चारही जिथे स्वस्तात एकत्र येतात तिथे भट्टी उभी राहते. यातली एक जरी महागली तरी भट्टीचा पाया हलतो.

पंचवीस माणसांचं गाव

१८०१ च्या जनगणनेत मिडल्सब्रोची लोकसंख्या होती २५. एखादं शेत, चार घरं, भोवती दलदल आणि भरती-ओहोटीचा चिखल. मध्ययुगात तिथे व्हिटबीच्या मठाची छोटीशी शाखा होती, तिचीही फारशी खूण उरली नव्हती. टीज नदी पश्चिमेकडच्या पेनाइन डोंगरांत उगम पावते आणि सुमारे १३५ किलोमीटर वाहून इथे उत्तर समुद्राला मिळते.

त्या वेळचं बंदर होतं नदीत थोडं वर, स्टॉकटनला. अडचण अशी की स्टॉकटनच्या खाली टीज सापासारखी वळणं घ्यायची आणि पाणी उथळ होतं. शिडाच्या जहाजांना तेवढं अंतर कापायला कधीकधी समुद्रप्रवासापेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून १८१० मध्ये नदीचं एक मोठं वळण कापून सरळ चर खणला, १८३१ मध्ये दुसरं वळण कापलं. गावासाठी नदी बदलायची ही सुरुवात.

१८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली. वाफेच्या इंजिनांनी चालणारी जगातली पहिली सार्वजनिक रेल्वे म्हणून तिचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं. ती कशासाठी बांधली हे मात्र सहसा सांगत नाहीत. डरहॅम परगण्यातल्या खाणींचा कोळसा नदीपर्यंत आणण्यासाठी. कोळसा आला आणि स्टॉकटनचं बंदर त्याला अपुरं पडू लागलं.

रेल्वेमागचं मोठं घराणं पीज यांचं. ते क्वेकर होते. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला साधेपणाने राहणारा पंथ. ते शपथ घेत नसत, त्यामुळे त्यांना संसदेचं आणि जुन्या विद्यापीठांचं दार बंद होतं, म्हणून त्यांच्यातली हुशार मंडळी व्यापारात उतरली. जोसेफ पीज १८२८ मध्ये नावेतून टीजच्या मुखाशी आला, ही ओसाड जागा पाहिली आणि रोजनिशीत लिहून ठेवलं की एक दिवस या उघड्या शेतांवर माणसांची वर्दळ आणि काठाला जहाजांची गर्दी असेल. पुढच्याच वर्षी त्याने पाच भागीदारांबरोबर इथली पाचशेहून जास्त एकर जमीन सुमारे ३०,००० पौंडांना विकत घेतली.

मग आखलेलं गाव उभं राहिलं. मध्ये बाजाराचा चौक, चारी दिशांना चार रस्ते, त्यांची नावंही सरळ उत्तर रस्ता, दक्षिण रस्ता, पूर्व रस्ता, पश्चिम रस्ता. आराखडा होता ५,००० माणसांचा. डिसेंबर १८३० मध्ये रेल्वे इथवर आली आणि काठावर कोळसा चढवायचे धक्के बांधले गेले. त्या धक्क्यांवर कोळशाने भरलेली अख्खी वाघीण वाफेच्या इंजिनाने उचलून जहाजाच्या डेकवर उतरवत आणि तिथे रिकामी करत. कोळसा वरून ओतला की फुटतो, आणि फुटलेल्या कोळशाला भाव कमी. म्हणून एवढा खटाटोप.

"डोंगरात लोखंड आहे हे आधी कुणाला दिसलं नाही?"

हा प्रश्न हमखास येतो, कारण क्लीव्हलंडचे डोंगर मिडल्सब्रोच्या अगदी पाठीशी आहेत. (हे इंग्लंडमधलं क्लीव्हलंड. अमेरिकेतलं शहर वेगळं.) उत्तर असं, की किनाऱ्याकडे खनिज सापडतं हे ठाऊक होतं. गावाजवळ इतकं जाड आणि इतकं सोयीचं असेल याचा पत्ता नव्हता.

१८४० च्या सुमारास कोळशाच्या धंद्याला दुसऱ्या बंदरांशी आणि पसरत्या रेल्वेशी स्पर्धा करावी लागू लागली. पीज यांना गावात कारखाने हवे होते. त्यांनी दोन माणसांना जमीन दिली. हेन्री बोल्को मूळचा जर्मन, मेक्लेनबर्गचा, हिशेबात पक्का. जॉन वॉन वेल्सच्या लोखंड कारखान्यांत घडलेला. १८४१ मध्ये त्यांचा कारखाना सुरू झाला.

पण त्यांचं गणित फार अवघड होतं. त्यांच्या झोतभट्ट्या बऱ्याच आत, डरहॅम परगण्यातल्या विटन पार्कला होत्या. किनाऱ्यावरचं खनिज बोटीने मिडल्सब्रोला यायचं, तिथून रेल्वेने वर विटन पार्कला जायचं, आणि तयार झालेलं बीड, म्हणजे भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड, पुन्हा त्याच रेल्वेने खाली मिडल्सब्रोला यायचं. म्हणजे दळण घेऊन गिरणीत जायचं, पीठ घेऊन यायचं आणि दोन्ही वेळचं भाडं आपण भरायचं. एवढ्या हेलपाट्यांत नफा कुठून उरणार?

८ जून १८५० रोजी वॉन आणि त्याचा खाणतज्ज्ञ जॉन मार्ली गावामागच्या एस्टनच्या डोंगरावर चालत गेले. तिथे त्यांना लोहखनिजाचा जाडजूड थर उघडाच सापडला, काही ठिकाणी पाच मीटरच्या आसपास. वॉनचा पाय सशाच्या बिळात अडकला आणि खनिज दिसलं, अशी दंतकथा त्या भागात सांगतात. खरं म्हणजे दोघे शोधायलाच गेले होते.

१८५१ मध्ये मिडल्सब्रोत पहिली झोतभट्टी पेटली. आता चारही गोष्टी जुळल्या: पाठीमागच्या डोंगरात खनिज, डरहॅमचा उत्तम कोक, पेनाइनमधली चुनखडी, आणि समोर नदी. क्लीव्हलंडच्या खनिजात लोखंड जेमतेम ३० टक्के. म्हणजे एक टन लोखंडाला तीन टनांहून जास्त दगड वाहायचा. असं कमी कसाचं खनिज लांब नेणं परवडत नाही, भट्टीच त्याच्याजवळ न्यावी लागते. मिडल्सब्रो वाढलं ते मुख्यतः या एका कारणाने.

आणि कसं वाढलं! १८३१ मध्ये १५४ माणसं. १८६१ मध्ये सुमारे १९,०००. दहा वर्षांत त्याच्या दुप्पट. १९०१ मध्ये ९१,००० च्या वर. १८७० च्या दशकात ब्रिटनच्या बिडाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या या भागातून येत होता. १८६२ मध्ये ग्लॅडस्टन इथे आला, तेव्हा तो अर्थमंत्री होता. त्याने या गावाला बाळ म्हटलं, पण बाळ हर्क्युलिस, पाळण्यात साप चिरडणारा.

कामाला माणसं आली आयर्लंडमधून, वेल्समधून, स्कॉटलंडमधून, इंग्लंडच्या खेड्यांतून. पाच हजारांच्या आराखड्यात कितीतरी पट माणसं कोंबली गेली. घरामागे घर, मध्ये जेमतेम बोळ, गटारांचा पत्ता नाही. १८९७-९८ मध्ये देवीची मोठी साथ आली ती अशाच वस्तीत. जर्मनीहून आलेला बोल्को या गावाचा पहिला महापौर झाला, पहिला खासदार झाला आणि त्याने गावाला मोठी बाग दिली. ती बाग आजही आहे. पण हर्क्युलिसच्या कौतुकात हे बोळ झाकले जातात, ते मला पटत नाही. गावाची ताकद बोळांत राहणाऱ्यांच्या खांद्यांवर होती.

पोलाद आलं आणि डोंगरातलं लोखंड नापास झालं

या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग हा. त्यासाठी दोन शब्द लागतील. बिडात कार्बन फार असतो, त्यामुळे ते ठिसूळ. तो कार्बन बेताचा केला की होतं पोलाद, जे वाकतं पण तुटत नाही. रेल्वेचे रूळ, जहाजं, पूल यांना पोलाद हवं. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने युक्ती काढली: वितळलेल्या बिडातून हवेचा झोत सोडायचा, कार्बन आपोआप जळून जातो. पोलाद स्वस्त झालं.

पण क्लीव्हलंडच्या खनिजात फॉस्फरस भरपूर. बेसेमरच्या भांड्यात कार्बन जळायचा, फॉस्फरस तसाच राहायचा, आणि फॉस्फरस असलेलं पोलाद थंडीत काचेसारखं तडकतं. म्हणजे डोंगरभर खनिज आणि त्याचं पोलाद होईना. १८७० च्या दशकात मिडल्सब्रोला स्पेनहून खनिज मागवायची वेळ आली.

अडलं कुठे होतं ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगतो. पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, कारण आंबट पदार्थ पितळेला खातो. म्हणून पातेल्याला आतून कल्हई करतात. भांडं आणि पदार्थ यांचं रासायनिक जमावं लागतं. फॉस्फरस आम्लधर्मी. त्याला ओढून घ्यायला चुना हवा, जो अल्कधर्मी. पण बेसेमरच्या भांड्याला आतून जे अस्तर असायचं ते वाळूच्या जातीचं, म्हणजे तेही आम्लधर्मी. आत चुना टाकला की चुना फॉस्फरसला धरण्याऐवजी अस्तरालाच खाऊन टाकायचा.

उपाय सांगायला सोपा: कल्हई बदला. अस्तरच चुन्याच्या जातीचं, डोलोमाइट नावाच्या दगडाचं करा. मग चुना टाकला तरी भांडं शाबूत राहील आणि फॉस्फरस मळीत जाईल. करायला मात्र वीस वर्षं कुणाला जमलं नाही. जमवलं ते लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस त्याचं नाव. वडील वारल्यामुळे शिक्षण सुटलं, दिवसा कोर्टात नोकरी, रात्री रसायनशास्त्राचे वर्ग. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधल्या एका लोखंड कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता, त्याने छोट्या प्रमाणावर चाचण्या केल्या. १८७८ मध्ये थॉमसने लंडनमधल्या पोलाद तज्ज्ञांच्या सभेत हे मांडायचा प्रयत्न केला, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ४ एप्रिल १८७९ रोजी मिडल्सब्रोत, बोल्को-वॉनच्या कारखान्यात, मोठ्या भांड्यात प्रयोग झाला आणि यशस्वी झाला.

डोंगरातलं खनिज पुन्हा उपयोगी पडलं. फॉस्फरस पकडलेली मळी दळून शेतात खत म्हणून वापरता येते, हा आणखी एक फायदा. पण पुढे काय झालं? फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या लोरेन भागात असंच फॉस्फरसवालं खनिज अफाट होतं. तेही आता पोलादाला लायक ठरलं. १८९० च्या दशकात जर्मनीने पोलादात ब्रिटनला मागे टाकलं. मिडल्सब्रोला वाचवणाऱ्या शोधानेच त्याचे प्रतिस्पर्धी उभे केले. थॉमस मात्र फुप्फुसाच्या आजाराने १८८५ मध्ये गेला, अवघ्या ३४ व्या वर्षी.

एवढ्या मळीचं केलं काय?

भट्टीतून लोखंडापेक्षा मळीच जास्त निघायची. तिचं काय करायचं हा रोजचा प्रश्न. उत्तर नदीच्या मुखाशी अजून उभं आहे. साउथ गेअर नावाचा सुमारे चार किलोमीटर लांब बंधारा १८६१ ते १८८८ या काळात बांधला, तो लाखो टन मळीच्या ठोकळ्यांचा. त्याने जहाजांना वादळात आसरा मिळाला. चिखलाची खाजणंही मळी टाकून भरली गेली आणि त्या भरावावर नवे कारखाने आले. म्हणजे डोंगर पोखरून गावाने स्वतःच्या पायाखालची जमीन बनवली.

मिडल्सब्रोच्या जुन्या वस्त्यांत घरांच्या मागच्या बोळांत निळसर करड्या विटा बसवलेल्या दिसतात. हातात घेतली तर अपेक्षेपेक्षा जड, वरून काचेसारखी गुळगुळीत. पाऊस पडून गेला की त्यांच्यावर निळी झाक चढते. या विटा मळी साच्यात ओतून केलेल्या. पाणी शोषत नाहीत, झिजत नाहीत, शंभर-सव्वाशे वर्षं झाली तरी तशाच. परदेशांतही गेल्या.

आणि नदीवरचा पूल. १७ ऑक्टोबर १९११ रोजी उघडलेला ट्रान्सपोर्टर पूल पाहिला तर आधी तो अर्धवट सोडलाय असं वाटतं: दोन्ही काठांवर उंच पोलादी मनोरे, वर आडवी तुळई, आणि रस्ता कुठेच नाही. रस्त्याऐवजी तुळईवरून दोरखंडांनी लटकलेला एक पाळणा आहे. माणसं आणि गाड्या त्यात चढतात आणि तो पाण्याच्या थोडा वरून दीड-दोन मिनिटांत पलीकडे सरकतो. असा पूल का? खालून उंच डोलकाठीची जहाजं जायची, आणि त्यांना अडथळा होता कामा नये अशी अटच होती. नदीचा मान आधी, रस्त्याचा नंतर. २०१९ पासून तो वाहतुकीला बंद आहे.

इथल्या डॉर्मन लाँग कंपनीने १९२८ चा न्यूकॅसलचा टाइन पूल बांधला आणि १९३२ चा सिडनी हार्बर पूलही. सिडनीच्या पुलाचं जवळजवळ ८० टक्के पोलाद इंग्लंडहून जहाजाने गेलं.

"मग खनिज संपलं का?"

नाही. खनिज अजूनही डोंगरात आहे. ते महाग पडू लागलं. १८८३ मध्ये क्लीव्हलंडच्या खाणींनी पावणेसात दशलक्ष टनांच्या आसपास खनिज काढलं, तो कळस. पुढे खोल जावं लागलं, आणि परदेशातल्या दुप्पट कसाच्या खनिजापुढे हे ३० टक्क्यांचं खनिज टिकेना. शेवटची खाण १९६४ मध्ये बंद झाली.

खनिज डोंगरातून यायचं तेव्हा भट्टी गावात असणं सोयीचं होतं. ते जहाजातून येऊ लागल्यावर भट्टी समुद्राला चिकटून असणं सोयीचं झालं. म्हणून कारखाने नदीच्या काठाने हळूहळू खाली सरकत गेले. १९६७ मध्ये पोलाद उद्योग सरकारी झाला, १९७० च्या दशकात रेडकारला, अगदी मुखाशी, मोठ्या जहाजांचा धक्का झाला, आणि १९७९ मध्ये तिथे ब्रिटनमधली सगळ्यात मोठी झोतभट्टी पेटली. दिवसाला सुमारे १०,००० टन लोखंड देण्याची तिची ताकद होती. इतर भट्ट्या बंद होत गेल्या. पूर्वी काठाने डझनांनी भट्ट्या होत्या. एक मंदावली तर दुसरी चालायची. आता सगळं एकीवर आलं.

"टाटांनी बंद पाडलं म्हणतात, ते खरं?"

हे आपल्याकडे आणि तिकडेही ऐकू येतं, म्हणून नीट पाहू. सरकारी कंपनी १९८८ मध्ये खासगी झाली, १९९९ मध्ये डच कंपनीत मिसळून तिचं कोरस झालं, आणि २००७ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने सहा अब्ज पौंडांहून जास्त मोजून कोरस घेतली. भारतीय कंपनीने परदेशात केलेला तोवरचा सगळ्यात मोठा सौदा, मराठी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला होता.

त्याआधीच, २००४ मध्ये, रेडकारच्या पोलादाचा मोठा हिस्सा दहा वर्षं उचलायचा करार परदेशी खरेदीदारांच्या एका गटाने केला होता. २००८ ची मंदी आली आणि २००९ मध्ये त्या गटाने अंग काढलं. भट्टी चालू, गिऱ्हाईक गायब. फेब्रुवारी २०१० मध्ये टाटांनी ती थांबवली आणि दीड हजारांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. निर्णय टाटांचा होता, हे खरं. पण जो कारखाना आपलं पोलाद स्वतः वापरत नाही, दुसऱ्याच्या करारावर जगतो, तो मुळात कमकुवत झालेला होता. तसा तो होऊ दिला ते टाटांच्या आधीच्या मालकांनी. मला विचाराल तर दोष एकाच्या माथी मारून भागत नाही.

"थांबवलेली भट्टी पुन्हा पेटली होती ना?"

पेटली होती, आणि इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं पुरं उत्तर आहे. थायलंडच्या एसएसआय कंपनीने २०११ मध्ये कारखाना घेतला आणि एप्रिल २०१२ मध्ये भट्टी पुन्हा चालू झाली. म्हणजे झोतभट्टी थांबवून पेटवता येते. पण त्यासाठी थांबवतानाच तयारी लागते. तळचं लोखंड काढून घ्यायचं, आतला माल रिकामा करायचा, विटा हळूहळू थंड होऊ द्यायच्या, आणि पेटवताना पुन्हा बक्कळ पैसा ओतायचा. गुळव्याने काहील धुऊन पालथी घालून ठेवली तर ती पुढच्या हंगामाला चालते. पाकासकट सोडून दिली तर नाही.

२०१५ मध्ये पोलादाचे भाव कोसळले. चीनमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त पोलाद बनत होतं आणि ते जगभर स्वस्तात येत होतं. एसएसआयकडे कोळसा घ्यायलाही पैसे उरले नाहीत. कंपनी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली. या वेळी काहील पालथी घालायला कुणी पैसे दिले नाहीत. कोक बनवणाऱ्या भट्ट्या गार झाल्या की त्यांच्या विटा तडकतात. त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर झोतभट्टीही. सुमारे २,२०० थेट नोकऱ्या गेल्या, ठेकेदारांकडच्या आणि दुकानदारांच्या वेगळ्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरुंग लावून भट्टी पाडली.

"प्रदूषण गेलं, बरंच झालं की"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. लोखंडाच्या जोडीला १९२० च्या दशकापासून नदीच्या उत्तर काठावर बिलिंगहॅमला खतं-रसायनांचे प्रचंड कारखाने आले, दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण काठावर विल्टनला आणखी. टीज एके काळी सॅमन माशांसाठी नावाजलेली नदी होती. १९३० च्या दशकापर्यंत सॅमन जवळजवळ नाहीसा झाला आणि १९७० पर्यंत नदीमुखाची गणना देशातल्या सगळ्यात घाण पाण्यात होऊ लागली. इथल्या माणसांना शेजारच्या गावांनी ठेवलेलं टोपणनाव स्मॉगवरूनच आलंय, स्मॉगी. आता ते स्वतःच अभिमानाने लावतात.

पण पाणी सुधारलं ते भट्टी विझण्याच्या कितीतरी आधी. सांडपाण्यावर नियम आले, प्रक्रिया सुरू झाली, १९९५ मध्ये नदीवर आडवा बंधारा झाला. सॅमन परतला आणि सील सँड्स नावाच्या चिखलाच्या किनाऱ्यावर सील पुन्हा पिल्लं घालू लागले, समोर रेडकारची भट्टी धडधडत असताना. नदी स्वच्छ करायला कारखाना मारावा लागला नाही. हवेतल्या कार्बनचं मात्र खरं आहे: कोक जाळून लोखंड काढायचं तर कार्बन डायऑक्साइड निघणारच. म्हणून आता भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्यांकडे सगळे वळताहेत. पोर्ट टॅलबटलाही तेच होतंय.

आता काठावर काय आहे?

कारखान्याच्या साडेचार हजार एकरांच्या आसपासच्या जागेच्या एका भागावर आता समुद्रातल्या पवनचक्क्यांचे अजस्र पोलादी खांब बनवायचा दक्षिण कोरियन कंपनीचा कारखाना उभा राहिला आहे. तोही नदीकाठालाच, कारण असे खांब रस्त्याने नेता येत नाहीत.

आणि थोडं अलीकडे, लॅकनबीला, जुन्या पोलाद उद्योगातली एक गिरणी अजून चालू आहे. इमारतींच्या सांगाड्यात लागणाऱ्या आय आकाराच्या तुळया ती लाटते. डोंगर पाठीशी आहे, नदी समोर आहे, पण लाटायचं पोलाद आता इथे बनत नाही. ते मालगाडीने येतं, ओतलेल्या जाड ठोकळ्यांच्या रूपात, स्कंथॉर्पहून. त्याच दोन झोतभट्ट्यांमधून, ज्यांच्यासाठी एप्रिलच्या त्या शनिवारी संसद भरली होती.